सिम्व्हास्टॅटिन: एसएलएन आठवड्यात जेल होतंय, एनएलसीकडे वळू का?

तिसरी_बॅच:
एम.फार्मचा प्रकल्प आहे. सिम्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) तोंडाने दिलं की ५ टक्क्यांहूनही कमी रक्तात पोचतं, म्हणून घन लिपिड नॅनोकण (एसएलएन) करतोय. कॉम्प्रिटॉल (घन लिपिड) ५ टक्के, ट्वीन ८० (सर्फॅक्टंट) दीड टक्का, गरम होमोजिनायझेशन, मग प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी कण बारीक करणारं यंत्र). पहिल्या दिवशी कण १८० नॅनोमीटर, पीडीआय (कणांच्या आकारातली तफावत) ०.२२, एन्ट्रॅपमेंट (कणांच्या आत अडकलेलं औषध) ९२ टक्के. आठव्या दिवशी सिरिंजमध्ये ओढायला गेलो तर सुईतच घट्ट झालं. तिन्ही बॅचची तीच गत. लिपिड बदलू, सर्फॅक्टंट बदलू, की सरळ एनएलसी (घन लिपिडात द्रव तेल मिसळलेले नॅनोकण) करू?

खलबत्ता:
एनएलसी करा. गरम लिपिड झटकन थंड झालं की आधी विस्कळीत रचनेत गोठतं. पुढे सावकाश बीटा रूपात जातं, स्फटिक नीटनेटके होतात आणि औषधाला आत जागा उरत नाही. गोल कणांचे चपटे पापुद्रे होतात, पृष्ठभाग वाढतो आणि तुमचा दीड टक्का ट्वीन त्यांना पुरत नाही. सुईतल्या घर्षणाने ते एकमेकांना चिकटले, झालं जेल. लिपिडच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं द्रव तेल घाला, जोडीला पोलोक्झॅमर १८८ हा दुसरा सर्फॅक्टंट. तेल मात्र माझ्या सांगण्यावरून निवडू नका. ओलेइक ॲसिड, कॅप्रिओल ९०, मिग्लिओल, प्रत्येकात औषध किती विरघळतं ते आधी बघा.

अर्धविराम:
मला त्या ९२ टक्क्यांचीच शंका येतेय. मोजलंत कसं? फिल्टर लावून खाली उतरलेलं औषध एकूणातून वजा केलंत ना? मग बाहेर पडलेले औषधाचे स्फटिकही फिल्टरवरच अडकतात आणि 'आत आहे' म्हणून मोजले जातात. मी यात चार महिने घालवलेत, गाईडही खूश होते. आधी कमी वेगाने सेंट्रिफ्यूज करून तळ बघा, ध्रुवित प्रकाशात स्लाइड बघा. प्रोबच्या टोकाची टायटॅनियमची काळी धूळही तळाशीच सापडेल, ती औषध समजू नका.

निळी_शाई:
मुळात औषध वाया कुठे जातंय? विरघळत नाही म्हणून, की यकृत पहिल्याच फेरीत संपवतं म्हणून? सिम्व्हास्टॅटिनचं दोन्ही आहे, पण त्याचं कामाचं ठिकाणही यकृतच. लसिकामार्गाने यकृत चुकवलंत तर रक्तातला आकडा वाढेल, कोलेस्टेरॉल त्याच प्रमाणात उतरेलच असं नाही, आणि स्नायूंना त्रास व्हायची भीती वाढेल. नुसता एयूसी (रक्तात पोचलेल्या औषधाचं एकूण माप) वाढवून दाखवू नका, कोलेस्टेरॉलही मोजा. आणि उंदरांवर करणार असाल (रॅट म्हणतोय), तर त्यांना पित्ताशय नसतं, पित्त सतत झिरपत असतं. लिपिडचे निकाल माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

तिसरी_बॅच:
औषध बदलायला गाईड तयार नाहीत, नोंदणी झालीय. कोलेस्टेरॉल मात्र घालतो.

तळ बघितला. सुयांसारखे स्फटिक, ढीगभर. ते वगळल्यावर एन्ट्रॅपमेंट ६१. ओलेइक ॲसिडची पहिली बॅच काल लावली, थंड होतेय. आता डीएससी (तापवून लिपिडचं स्फटिकरूप बघायची चाचणी) पहिल्या दिवशी करू की आठव्या?

अर्धविराम:
दोन्ही दिवशी. एकाच कुपीतून.