मदत हवी आहे: नर्सिंगच्या मुलींशी पेशंटच्या मानाबद्दल काय बोलू?

नमस्कार मंडळी, आमच्या चर्चमधे नर्सिंगच्या मुलींसमोर बोलायचंय. बायबलच्या उत्पत्ती 1:27 मधलं, माणूस देवाच्या प्रतिरूपाचा, हे सगळ्यांना पाठ असतं पण वॉर्डात तोच माणूस "बारा नंबरचा डायबेटिक फूट" (मधुमेहाने बिघडलेला पाय) होतो याचं फार वाईट वाटतं. प्रवचन नकोय, रोजच्या कामाचं हवंय, म्हणजे स्पंजिंग करताना (ओल्या कपड्याने अंग पुसताना) स्क्रीन लावायचा, लागेल तेवढंच अंग उघडं करायचं, बेशुद्ध पेशंटलासुद्धा "आजी, आता कूस बदलते हं" असं सांगायचं. योहान 13 मधे येशू शिष्यांचे पाय धुतो, बेडपॅन देणं त्याच पंक्तीतलं काम आहे असं मी मनापासून मानते.

अडकलेय ते इथे. पेशंटच्या घरचे म्हणतात कॅन्सरचं आईला सांगू नका आणि ती माऊली रात्री ड्युटीवरच्या सिस्टरलाच विचारते, तेव्हा खोटं न बोलता काय म्हणायचं? आणि दुसऱ्या धर्माचा पेशंट ऑपरेशनआधी स्वतःहून म्हणाला सिस्टर प्रार्थना करा, तर करावी ना? मला वाटतं त्याने मागितली तरच, आपण होऊन नाही, कारण पलंगावर पडलेल्या माणसाला नको म्हणणं जड जातं. वॉर्डात काम केलेल्यांनी प्लीज लिहा.