प्रकाशकाकडे हस्तलिखित पाठवताना: तुमचे अनुभव

कानामात्रा:
माळा आवरताना जुनं बाड सापडलं. एकाच बाजूला लिहिलेले कागद, डावीकडे ऐसपैस समास. आता बाडाची वर्ड फाईल झाली तरी संपादकाला शेरे मारायला जागा लागतेच. ए४ पान, चारी बाजूंना एक इंच, १४ पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, पानांना क्रमांक. बाकी तुम्ही लिहा.

शिरोरेघ:
फॉन्ट!! श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधली फाईल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नुसता कचरा दिसते. युनिकोडच द्या, ते कुठल्याही संगणकावर वाचता येतं. जुनी फाईल कन्व्हर्टरमधून काढलीत तर 'ऱ्या'वाले शब्द एकेक तपासा. 'दऱ्यांत'चं 'दर्यांत' झालं की माणसं डोंगरातून थेट समुद्रात.

बोरू:
😂😂 आणि ते हिंदी वळणाचे श, ल?

शिरोरेघ:
तो फॉन्टचा प्रश्न. पानं लावताना बदलतो, त्यात जीव घालू नका.

पानफुटी:
मोबाइलवरून टंकतेय, थोडक्यात. नव्या पानासाठी एंटर दाबत बसू नका, कंट्रोल+एंटर. परिच्छेदाच्या सुरुवातीला स्पेसबार नको. पुस्तकाचा आकार ठरला की हे एंटर भलत्याच पानांच्या मध्यावर रिकाम्या ओळी होऊन उगवतात. काढत बसतो पानं लावणारा डीटीपीवाला.
फोटो वर्डमध्ये चिकटवू नका. वेगळ्या फाइली, मजकुरात फक्त 'फोटो ७ इथे'. छापील रुंदी १२ सेंमी हवी तर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साधारण १४०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो टाकला की तो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

बोरू:
हस्तलिखितासोबत पाठवायच्या सारांशात शेवट सांगायचा का? रहस्यकथा आहे हो.

कानामात्रा:
सांगायचाच, खुनी कोण तेही. एका पानात. 'पुढे काय झालं?' हे मलपृष्ठावर शोभतं.

खोडरबर:
प्रकरणांच्या डोक्यावर कवितेच्या ओळी असतील तर लेखी परवानगी आधी. भारतात कवी गेल्यावरही ६० वर्षं हक्क शाबूत असतात. आणि ट्रॅक चेंजेस (वर्डमधल्या दुरुस्त्यांच्या खुणा), शेरे साफ करून पाठवा. मित्राने समासात लिहिलेलं 'इथे झोप आली' संपादकालाही दिसतं.

शिरोरेघ:
फाईलचं नावही बघा. 'अंतिम_खरंच_अंतिम२' नको. आडनाव, शीर्षक, तारीख, बस.

बोरू:
वाचनखूण साठवली. पानफुटी, ते एंटर दिसतात कुठे?

पानफुटी:
होम टॅबवर उलट्या पीसारखं चिन्ह आहे, ते दाबा.

बोरू:
दाबलं. अरे देवा.