विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायला पहिलं घर घेतलंत? अनुभव लिहा

कृष्णाकाठ

आम्ही सांगलीचे. दोन वर्षांपूर्वी मुलीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, हॉस्टेलला नंबर लागला नाही, म्हणून चार मुलींनी मिळून कर्वेनगरात टू बीएचके घेतला. भाडं ३० हजार, अकरा महिने झाले की वाढतं. परवा हिशेब करताना हे म्हणाले, "दुसऱ्याचा हप्ता भरण्यापेक्षा आपणच एक घेऊ. आपली पोर शिकून बाहेर पडली की दुसऱ्या येतील, कॉलेज काही उठून जात नाही."

तेव्हापासून झोप नाही. सांगलीचं घर सासऱ्यांनी बांधलेलं. आम्ही दोघांनी आजवर स्कूटीपेक्षा मोठं काही विकत घेतलेलं नाही. पाहिलेला फ्लॅट ७२ लाखांचा, इमारत तीस वर्षांची, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ५० लाख कर्ज काढलं तर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ४३ हजारांच्या वर जातो. भाडं ३०. म्हणजे महिन्याला १३ हजार खिशातून, तेही घर कायम भरलेलं असेल तर.

ज्यांनी असं घर घेतलंय त्यांनी लिहा, आणि बिघडलेलं आधी लिहा. "त्यापेक्षा म्युच्युअल फंडात टाका" हे सासरे रोज सांगतात, ते इथे नको.

चाफेकळी

माझा वन बीएचके, कर्वेनगरातच, २०१४ पासून मुलींना देते. पहिली गोष्ट, बारा महिन्यांचं भाडं धरू नका. मी दहाचं धरते. मे महिन्यात परीक्षा संपली की मुली सामान बांधतात आणि "काकू, डिपॉझिटमधून वळते करून घ्या" म्हणून शेवटच्या महिन्याचं भाडं देत नाहीत. नव्या मुली येणार प्रवेशाच्या फेऱ्या संपल्यावर. फेऱ्या लांबल्या की जुलै, ऑगस्ट घर रिकामं, मेंटेनन्स मात्र चालू. एजंटकडून मुली आल्या तर एक महिन्याचं भाडं त्याला. दोन वर्षांनी मी त्याला सोडला. आता जाणाऱ्या मुलीच आपल्या ज्युनिअर आणून देतात.

दुसरी गोष्ट मोरी. पहिल्या वर्षी बाथरूम तुंबली म्हणून प्लंबरला घेऊन गेले. त्याने जाळी काढून तारेने ओढलं, तर नारळाएवढा केसांचा गुंता बाहेर आला आणि त्यात अडकलेला एक चांदीचा झुमका. चौघीही म्हणाल्या, "माझा नाही." तो झुमका अजून माझ्या किल्ल्यांच्या डब्यात आहे. तेव्हापासून करारात लिहून घेते की जाळी दर रविवारी साफ करायची. करतात का? नाही. पण भांडताना उपयोग होतो.

आणि करार नोंदवा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असं अजून पुष्कळजण छातीठोक सांगतात. महाराष्ट्रात लागते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकाची आहे, आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात, उलटं सिद्ध करणं तुमच्यावर. हे मला एका वकील बाबांनी ऐकवलं. ते माझ्याच भाडेकरणीचे वडील होते.

पासबुक

बँकेत चौतीस वर्षं काढली, तरी स्वतःच्या खरेदीत चुकलोच. व्यवहार ५० लाखांचा किंवा त्यावरचा असला की खरेदीदाराने एक टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावाचा आयकर, किमतीतून कापून सरकारकडे भरायचा असतो आणि उरलेले विकणाऱ्याला द्यायचे. मी मालकाला पूर्ण रक्कम देऊन बसलो. पाच महिन्यांनी नोटीस आली. उशिरासाठी दिवसाला २०० रुपये, वर व्याज. मूळ टीडीएसही मलाच भरावा लागला, कारण तोवर मालक फोन उचलेनासे झाले होते. ताई, तुमच्या ७२ लाखांवर हे ७२ हजार होतात. टोकन देतानाच विषय काढा.

एक फायद्याचंही सांगतो. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी पडतं. नवऱ्याचं नाव जोडलंत की सवलत गेली. पण कर्जासाठी बँक त्यांचं उत्पन्न धरणार असेल, तर आधी शाखेत विचारा. मिळकतकरातली पुण्याची ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यांना आहे, भाड्याने दिलं की ती धरू नका.

लातूरकरीण

आमचा फ्लॅट नाही, खोल्या आहेत. लातूरच्या ट्यूशन एरियापासून, म्हणजे क्लासेसच्या भागापासून, चालत दहा मिनिटं. २०१३ मध्ये घरावर सहा खोल्या चढवल्या, माझ्या नावावरचं पहिलं कर्ज तेच. इथलं वर्ष 'नीट'च्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या, तारखेवर चालतं. मे महिन्यात पेपर झाला की रात्रीतून जिना रिकामा. निकाल लागला की रिपीटर, म्हणजे परीक्षा पुन्हा देणारे, येतात, नांदेड, परभणी, बीडकडून, लोखंडी कॉट, कुकर आणि आई यांच्यासकट. आई हा वेगळाच भाडेकरू. गावाकडं शेत आणि नवरा सोडून दोन वर्षं एका खोलीत राहतात या बाया. पोरगा क्लासला गेला की जिन्यावर बसून शेंगा फोडत असतात. भाडं एक दिवस चुकवत नाहीत, पण पाणी दहा मिनिटं उशिरा सुटलं तर दार वाजवतात.

पाण्यावरून आठवलं. २०१६ मध्ये तुमच्याच मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं लातूरला. त्या उन्हाळ्यात माझ्या सहापैकी चार खोल्या ओस होत्या आणि हप्ता चालू. टँकरचा खर्च मी कधी गणितात धरलाच नव्हता. कर्वेनगरात पाण्याचं काय, हे एजंटला विचारू नका, शेजारच्या बाईला विचारा.

तिसरामजला

विमाननगर, २०१८. आमच्या सोसायटीने "बॅचलर चालणार नाहीत" असा ठराव करून बोर्डच लावला. मी उपविधी, म्हणजे सोसायटीची नियमावली, वाचून गेलो. भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, लेखी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. मग त्यांनी नॉन-ऑक्युपन्सी म्हणून, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून, महिन्याला अडीच हजार लावले. शासनाचा २००१ चा आदेश आहे, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. कागद दाखवल्यावर आकडा उतरला, पण माझ्या भाडेकरू पोरांच्या गाड्यांची हवाही त्याच आठवड्यापासून उतरायला लागली. कायद्याने जिंकून शेजाऱ्यांत हरणं काय असतं, ते तेव्हा कळलं. शेवटी पोरांनी गणपतीत मांडवाचं लायटिंग केलं आणि चेअरमन विरघळले.

मार्च २०२० मध्ये पोरं "दोन आठवड्यांत येतो" म्हणून पाठीवरच्या सॅकसकट गेली. पुस्तकं, गाद्या, फ्रिजमधलं दही सगळं तिथेच. दोन महिने भाडं आलं, मग एकेकाच्या वडिलांचे फोन. एकांचं कापडाचं दुकान बंद होतं, त्यांच्याकडे काय मागणार? बँकेने सहा महिने हप्ता पुढे ढकलू दिला, पण व्याज चढतच होतं. घर पुन्हा भरायला दीड वर्ष गेलं. ते दही मी ऑगस्टमध्ये टाकलं.

मक्याचंशेत

इलिनॉयमधून. मुलगा अर्बाना-शॅम्पेनला शिकायला होता तेव्हा तिथे एक काँडो, म्हणजे फ्लॅट, घेतला. इथली मुलं पुढच्या ऑगस्टची घरं आदल्या वर्षीच्या शरदातच ठरवायला लागतात. आम्ही पुण्याच्या सवयीने जूनमध्ये जाहिरात दिली, तोवर बहुतेक सगळे कुठेतरी सही करून मोकळे झाले होते. पहिलं वर्ष मुलगा आणि एक रिकामी खोली. करार मात्र बारा महिन्यांचा असतो आणि उन्हाळ्यात कुणी राहो न राहो, भाडं येतं, हे चांगलं. मालमत्ता कर आपल्याकडच्या मानाने डोळे पांढरे करणारा. त्यात मुलगा शिकून गेल्यावर असोसिएशनने, म्हणजे तिथल्या सोसायटीने, नियम आणला की ठरावीक घरंच भाड्याने देता येतील. आमचा नंबर प्रतीक्षायादीत नववा. विकून टाकला. नफा झाला का, असं बायको विचारते. मी विषय बदलतो.

चाफेकळी

@कृष्णाकाठ, जुनी इमारत आहे तर पुनर्विकासाचं बोलणं चालू आहे का, ते सेक्रेटरींना विचारा. त्या भागात निम्म्या सोसायट्या त्याच वाटेवर आहेत. मोठं घर मिळेल कदाचित, पण मधली तीन-चार वर्षं बिल्डर देईल त्या भाड्यावर. आणि "मुलीच ठेवा, मुली स्वच्छ असतात" असं सांगणाऱ्याला माझ्याकडे पाठवा, झुमका दाखवते.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. पासबुककाका, टीडीएस आम्हाला माहीतच नव्हता. काल पुन्हा फ्लॅट पाहून आलो, या वेळी सासरे सोबत होते. हे आणि एजंट बाल्कनीतून टेकडी दिसते का ते बघत होते, तोवर सासऱ्यांनी किचनच्या सिंकखाली वाकून पाइपवर नख ओढलं. गंजाचा पापुद्रा हातात आला. तो रुमालात बांधून सांगलीला आणलाय. खालच्या मजल्यावरच्या आजींना पाण्याचं विचारलं, त्या म्हणाल्या, "सकाळी दीड तास. पण चौघी राहणार असतील तर वरची टाकी पुरत नाही."

टोकन दिलेलं नाही. सेक्रेटरी रविवारी भेटणार आहेत.