एनबीए प्लेऑफचे पंच: निवडीत संघांची क्रमवारी हवीच कशाला?

बेसलाइन

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या प्लेऑफसाठी, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांसाठी, पंच कसे निवडले जातात यावर दर एप्रिलमध्ये वाद होतो, आणि बरेचदा पद्धत नीट माहीत नसतानाच. म्हणून आधी पद्धत सांगतो, आक्षेप नंतर.

लीगकडे साधारण ७५ पूर्णवेळ पंच आहेत. अलीकडच्या मोसमांत पहिल्या फेरीसाठी त्यांतले ३६ निवडतात. प्रत्येक फेरीनंतर मूल्यमापन होतं आणि यादी आखडत जाते. कॉन्फरन्स फायनलपर्यंत (उपांत्य फेरी) २० उरतात, फायनल्सला (अंतिम मालिका) १२. एका सामन्याला तिघे मैदानावर असतात: क्रू चीफ, रेफरी आणि अम्पायर. शिवाय प्लेऑफमध्ये एक राखीव असतो. लीग निवडीचे तीन निकष सांगते: पंच विभागाने दिलेले गुण, निर्णयांची अचूकता आणि संघांनी लावलेली क्रमवारी. कशाला किती वजन, ते सांगत नाही.

अचूकतेबद्दल एक गैरसमज आहे की फक्त वाजलेल्या शिट्ट्या मोजतात. तसं नाही. न वाजलेल्याही मोजतात. शेवटच्या दोन मिनिटांचा जो अहवाल लीग मार्च २०१५ पासून जाहीर करते, त्यातले चार खाने आठवा: बरोबर दिलेला निर्णय, चुकीचा दिलेला, बरोबर सोडलेला, चुकून सोडलेला.

माझा आक्षेप तिसऱ्या निकषाला आहे. साखळीत १,२३० सामने होतात. तिघांप्रमाणे ३,६९० जागा भरायच्या. ७५ पंचांत वाटल्या तर माणशी ५० च्या आत-बाहेर सामने येतात. प्रत्येक सामन्यात दोन संघ, म्हणजे एका पंचाला सुमारे शंभर वेळा कोणता ना कोणता संघ पाहतो. संघ ३०. याचा अर्थ एक संघ एका पंचाला मोसमात जेमतेम तीनदा पाहतो. त्या तीनपैकी एका रात्री प्रशिक्षकाला टेक्निकल (गैरवर्तनाबद्दलचा फाउल) मिळालं असेल तर ती क्रमवारी म्हणजे रागाची नोंद. ज्याच्या निकालावर पंचाचा परिणाम होतो, त्यानेच पंचाला प्लेऑफला पाठवायचं की नाही हे ठरवण्यात वाटा उचलावा, हे मला मान्य नाही. हा निकष काढा आणि उरलेल्या दोघांचं वजन जाहीर करा.

तिसरी शिट्टी

बेसलाइन, तुमचं गणित बरोबर आहे, निष्कर्ष नाही. तीनदा पाहतो तो एक संघ. क्रमवारी तीसही संघांची एकत्र होते, म्हणजे शंभर वेळा पाहिलेल्यांचं मत. एका प्रशिक्षकाचा राग त्यात विरघळतो. तीसपैकी वीस संघ एखाद्याला खाली टाकत असतील तर तिथे रागापलीकडचं काही असतं.

आता तुमच्या लाडक्या अचूकतेकडे बघू. समजा एका पंचाचे मोसमात हजार निर्णय तपासले आणि ९५ टक्के बरोबर निघाले. केवळ योगायोगाने यात दोन्ही बाजूंना सव्वा-दीड टक्क्याचा फरक पडू शकतो. म्हणजे ९४ आणि ९५ टक्केवाल्यांत खरा फरक आहे की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. पहिले दहा आणि शेवटचे दहा सहज ओळखू येतील. अडचण येते ती मधल्यांत, आणि ३६ वा कोण व ३७ वा कोण हे तिथेच ठरतं. तिथे दुसरी काहीतरी माहिती लागणारच.

ती संघांकडे असते. बास्केटमागच्या बेसलाइनवर उभा राहणारा लीड, विरुद्ध बाजूला फ्री थ्रो रेषेच्या सरळीत असणारा स्लॉट आणि मागून येणारा ट्रेल, या तिघांच्या जागा चेंडूबरोबर बदलतात. लीडने बाजू बदलली की उरलेल्या दोघांनी लगेच आपापली भूमिका बदलायची असते. एखाद्याला तिथे दर वेळी अर्धा सेकंद उशीर होत असेल तर त्याचा निर्णय नशिबाने बरोबर येईलही, पण तो कोन न मिळता घेतलेला असेल. पहिल्या क्वार्टरमध्ये पोस्टवर (बास्केटजवळ) ढकलाढकली चालू दिली आणि चौथ्यात तीच फाउल ठरवली, तर एकेकट्या क्लिपमध्ये दोन्ही निर्णय समर्थनीय दिसतात. बेंचवरच्या माणसाला मात्र मापदंड सरकलेला जाणवतो. क्लिप तपासणाऱ्याला ही सातत्याची बाब दिसणं अवघड आहे.

बेसलाइन

सातत्याचा मुद्दा मान्य. पण मग ते मोजायचं काम पंच विभागाच्या निरीक्षकांचं आहे, त्यांना अख्खा सामना पाहायला कोणी अडवलंय? तटस्थ माणूस उपलब्ध असताना हितसंबंध असलेल्याचं मत घेऊ नये, एवढंच म्हणतो. आणि तीस मतांची सरासरी काढल्याने राग विरघळतो, पण सगळ्यांचा समान कल विरघळत नाही. जो पंच प्रशिक्षकांची आरडाओरड खपवून घेत नाही तो तीसही संघांना थोडा थोडा नावडेल. त्या पंचाला हे ठाऊक असतं. प्लेऑफचं मानधन वेगळं मिळतं, प्रतिष्ठा त्याहून मोठी. मार्चमध्ये टेक्निकल देताना त्याचा हात आखडला तर दोष कुणाचा?

डोंबिवली_पॉइंटगार्ड

तुम्ही दोघंही चुकीच्या दारावर उभे आहात. ३६ जणांची यादी हा वादाचा विषयच नाही. तीत कोण आहे आणि कोण नाही यावरून एकही मालिका फिरलेली नाही. त्या ३६ मधले कोणते तीन जण कोणत्या सामन्याला जातात, ही नेमणूक खरी कळीची, आणि तिचे निकष लीग सांगतच नाही.

साधा हिशोब करा. फायनल्सचे जास्तीत जास्त सात सामने, २१ जागा, माणसं १२. पहिले चार सामने कुणालाही पुन्हा न घेता भरतात. पाचव्यापासून निवड सुरू होते, नेमकी जिथे मालिका निर्णायक वळणावर असते तिथे. पहिल्या फेरीत आठ मालिका, प्रत्येक सरासरी साडेपाच सामने चालली तर ४४ सामने, १३२ जागा. ३६ पंचांना माणशी चार सामनेही येत नाहीत. मग "प्रत्येक फेरीनंतर मूल्यमापन" म्हणजे चार सामन्यांवरून कोण पुढे जाणार ते ठरवणं. तिसरी शिट्टींनी वर हजार निर्णयांतली अनिश्चितता दाखवली, चार सामन्यांत ती किती फुगेल ते बघा.

पंच स्कॉट फॉस्टर आणि खेळाडू ख्रिस पॉल यांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. फॉस्टर पंच असलेले दहाहून अधिक प्लेऑफ सामने पॉलचे संघ ओळीने हरले होते. यात पक्षपात होता असं माझं म्हणणं नाही. पराभवांची मालिका दुसऱ्या कारणांनीही होते. पण लोकांच्या मनात ही जोडी इतकी घट्ट बसलेली असताना नेमणूक कोणत्या नियमाने झाली हे सांगता आलं पाहिजे. माझी सूचना: प्रत्येक फेरीत क्रू चीफ आणि इतर असे दोन गट करा आणि सोडत काढा. सोडतीवर संशय घ्यायला जागा नसते.

झोन डिफेन्स

सोडतीला माझा ठाम विरोध. नेमणुकीत किती बंधनं एकाच वेळी सांभाळावी लागतात ते पाहा. एकाच पंचाला त्याच मालिकेत लागोपाठ पाठवायचं नाही. त्याच संघासमोर तो फार वेळा येऊ द्यायचा नाही. आदल्या रात्री पश्चिम किनाऱ्यावर असलेल्याला दुसऱ्या दिवशी बोस्टनला उतरवायचं नाही. पहिल्यांदाच प्लेऑफ करणाऱ्याच्या शेजारी दोन अनुभवी माणसं हवीत. सोडत यातलं काहीच पाळत नाही. ही सगळी बंधनं घालून सोडत काढली तर शेवटी चिठ्ठ्या उरतील दोन किंवा तीन, आणि आज नेमणूक करणारा अधिकारीही बहुधा तेवढ्यातूनच निवडत असतो.

आणि सोडतीवर संशय घेता येत नाही हे कुणी सांगितलं? सट्टेबाजांना हवी असते माहिती, इतरांच्या आधी. सट्टा लावणारा पंच टिम डोनाघी याच्या प्रकरणातला खरा धडा हाच आहे. त्या काळी पंचांची नावं सामन्याआधी दीड तास जाहीर होत. आतल्या माणसाला ती आधी माहीत असत आणि त्याच माहितीला किंमत होती. २००७ मध्ये प्रकरण फुटल्यावर लीगने नावं सामन्याच्या दिवशी सकाळीच सांगायला सुरुवात केली. आता अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सकाळी नवाला यादी येते, म्हणजे प्लेऑफच्या दिवसांत आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा. पहाटे टीव्हीवर सामना लावणाऱ्याला आदल्या संध्याकाळीच तिघांची नावं कळतात. ही सुधारणा कोणत्याही सोडतीपेक्षा जास्त उपयोगी ठरली आहे.

त्याच प्रकरणात बेसलाइन यांच्यासाठीही एक गोष्ट आहे. डोनाघी २००७ च्या प्लेऑफमध्येही नेमला गेला होता, स्पर्स विरुद्ध सन्स मालिकेत. गुणांकनाच्या चाळणीतून तो पार झाला होता. नुसत्या आकड्यांवर निवड ठेवली तर असा माणूस पुन्हा पार होईल. एकूण वागणूक पाहणारं माणसाचं डोकं मध्ये हवंच. पंच जोई क्रॉफर्डचं उदाहरण उलट बाजूचं: एप्रिल २००७ मध्ये त्यांनी बेंचवर बसून हसणाऱ्या स्पर्सच्या टिम डंकनला बाहेर काढलं, आणि तेव्हाचे लीग कमिशनर डेव्हिड स्टर्न यांनी त्यांना उरलेल्या मोसमासाठी प्लेऑफसकट निलंबित केलं. त्यांच्या अचूकतेबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

बेसलाइन

डोनाघीचं उदाहरण माझ्याविरुद्ध जात नाही. त्याला गुणांकनाने पकडलं नाही तसं संघांच्या क्रमवारीनेही पकडलं नाही. पकडलं एफबीआयने.

कर्वेनगर

एक वेगळा प्रश्न. निवड गुणांवर होते म्हणता, तर व्हायोलेट पामर २००६ मध्ये प्लेऑफ सामन्यात पंच झालेली पहिली महिला, आणि त्यांच्या २०१२ च्या शेवटच्या प्लेऑफनंतर थेट २०२४ ला अ‍ॅशली मॉयर-ग्लाइक. मधली बारा वर्षं काय समजायची?

तिसरी शिट्टी

कर्वेनगर, त्याचं मूळ प्लेऑफच्या निवडीत कमी आणि भरतीत जास्त आहे. पामर आणि डी कँटनर १९९७ मध्ये आल्या. त्यानंतर बराच काळ लीगच्या पूर्णवेळ यादीत महिला अगदी एखाद-दुसरीच होती. मॉयर-ग्लाइक आणि नॅटली सागो २०१८ मध्ये पूर्णवेळ झाल्या. तिथून पहिल्या प्लेऑफपर्यंत मॉयर-ग्लाइक यांना सहा मोसम लागले, ते मला फारसं विलक्षण वाटत नाही. पण यातून एक गोष्ट दिसते जी लीगच्या तीन निकषांत लिहिलेली नाही: सेवेची वर्षं. गुण सारखे असतील तर अनुभवी माणूस पुढे जातो, असं माझं निरीक्षण आहे. तो चौथा निकष असेल तर तसा लिहावा. इथे मी बेसलाइन यांच्या बाजूने आहे.

डोंबिवली_पॉइंटगार्ड

झोन डिफेन्स, प्रवासाची आणि जोडीची बंधनं मान्य. मग तीच बंधनं छापा ना. "लागोपाठ नाही", "अमुक दिवसांच्या अंतराशिवाय तोच संघ नाही", एवढं पानभर लिहून ठेवलं तर नेमणूक नियमात बसते की नाही हे कुणालाही तपासता येईल.

आणि चुकीनंतर काय होतं ते बघा. मे २०२४, निक्स विरुद्ध पेसर्स, पहिला सामना. ११५-११५, शेवटचं मिनिट, पेसर्सवर चेंडूला पाय लावल्याची शिट्टी. चेंडू हाताला लागला होता. क्रू चीफने सामन्यानंतर चूक मान्य केली, पण हा निर्णय रीप्लेवर तपासता येणाऱ्यांत बसत नाही. दुसऱ्या सामन्यानंतर पेसर्सनी दोन्ही सामन्यांतले ७८ निर्णय लीगकडे पाठवले आणि त्यांचे प्रशिक्षक रिक कार्लाइल यांना टीकेबद्दल ३५,००० डॉलर दंड झाला. एप्रिल २०२५, पिस्टन्स विरुद्ध निक्स, चौथा सामना, निक्स ९४-९३ ने पुढे. शेवटच्या थ्री-पॉइंटरवर पिस्टन्सच्या टिम हार्डवे ज्युनियरला धक्का, शिट्टी नाही. पुन्हा सामन्यानंतर कबुली. न वाजलेल्या शिट्टीला प्रशिक्षक आव्हान देऊ शकत नाही. प्रशिक्षकाच्या दंडाचा आकडा आपल्याला कळतो. पंचाच्या गुणांचं काय झालं ते नाही. दोन मिनिटांच्या अहवालातही सुटलेला फाउल तिघांपैकी कुणाच्या टापूतला होता ते नसतं.

झोन डिफेन्स

ते नसावंच. एका चुकीपुढे एक नाव छापलं की दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या घरच्यांना धमक्या जातात, आता तर पैज हरलेल्यांकडून. शिवाय टापू नेहमी एकाचा नसतो. चेंडू कोपऱ्यातून वर येत असताना दोघांच्या हद्दी एकमेकींवर येतात, आणि तिथे दोष कुणाचा यावर निरीक्षकांतही मतभेद होतात.

नेमणुकीचे नियम छापायला मात्र माझी हरकत नाही. फेरी संपल्यावर छापावेत. फेरी चालू असताना नियम उघडे असले तर कोण कुठे जाणार हे वजाबाकीने काढता येतं. फायनल्सला पहिल्या तीन सामन्यांत नऊ जण होऊन गेले की चौथ्याला कोण, हे कुणीही सांगू शकेल, आणि सकाळी नवापर्यंत गुप्तता ठेवण्याला अर्थ उरणार नाही.

बेसलाइन

फेरी संपल्यावर चालेल. पण त्याच दिवशी तिन्ही निकषांची वजनंही यावीत, आणि पुढे गेलेल्यांच्या यादीत संघांच्या क्रमवारीमुळे किती नावं बदलली तो आकडाही. एखाददुसरंच नाव बदलत असेल तर मी हा धागा मागे घेईन. आठ-दहा बदलत असतील तर तिसरी शिट्टींना उत्तर द्यावं लागेल.

तिसरी शिट्टी

आठ-दहा बदलत असतील तरी मी म्हणेन की ती नावं मधल्या पट्ट्यातलीच आहेत का, ते आधी बघा. तिथे अचूकतेचा आकडा काही सांगतच नव्हता. वरच्या दहांतलं एक जरी नाव संघांनी पाडलं असेल, तर मात्र तुमचं खरं.