मदत हवी आहे: लिस्बनमध्ये एकच दिवस, आणि तो नेमका सोमवार

नमस्कार मंडळी,

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. हायस्कुलात इतिहास शिकवत होतो, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. मुलगी-जावई जर्मनीत असतात. यंदा त्यांच्याकडं जाणं होतंय, तर तिथूनच नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी आणि बायको दोघंच लिस्बनला जाऊन येणार आहोत. रविवारी रात्री उशिरा पोचायचं, मंगळवारी पहाटे परत निघायचं, म्हणजे हातात फक्त सोमवार. तिकिटं काढून झाली, रद्द केली तर पैसे बुडणार. त्यानंतर मी वाचायला बसलो तेव्हा कळलं की जेरोनिमोस मठ सोमवारी बंद असतो. बेलेंचा बुरूज आणि टाइल्सचं संग्रहालय, तेही सोमवारी बंद. मुलीनं हौसेनं तिकिटं काढलीत, तिला अजून हे सांगितलेलं नाही.

लिस्बनच का, हे सांगितल्याशिवाय माझे प्रश्न नीट कळणार नाहीत, म्हणून थोडं लांबण लावतो.

हिचं माहेर कणकुंबी. हिची आजी चोर्ला घाटाखालची, सत्तरीतली, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज हद्दीतली. लग्न होऊन ती घाटावर आली तेव्हा येणं-जाणं चालू होतं. मीठ, सुकी मासळी, नारळ वर यायचे, तांदूळ-मिरची खाली जायची. १९५५ च्या सुमारास गोव्याची नाकेबंदी झाली आणि दिवसभराच्या चालीवरचं माहेर परदेश होऊन बसलं. आई वारल्याचं आजीला पंधरा दिवसांनी कळलं, बारावं होऊन गेल्यावर.

डिसेंबर १९६१ मध्ये बेळगावात फौज गोळा झाली, अनमोडकडून एक ब्रिगेड फोंड्याच्या दिशेनं उतरली, आणि १९ तारखेला गोवा मोकळा झाला. पुढच्या महिन्यात आजीचा भाऊ घाट चढून कणकुंबीला आला. पंचाच्या टोकाला गाठ मारून त्यानं एक नाणं आणलं होतं. ‘हे आता चालत नाही, तुझ्याकडं राहू दे,’ म्हणून बहिणीच्या हातावर ठेवलं.

ते नाणं आता आमच्या देवघरात आहे, कुंकवाच्या करंड्यात. एका एस्कुदोचं, म्हणजे पोर्तुगीज चलनातलं, १९५९ सालचं, वर ‘एस्तादो दा इंडिया’ (पोर्तुगीज हिंदुस्थान) अशी अक्षरं. अक्षरांच्या खाचांत कुंकू बसून ती तांबडी झाली आहेत. आजीनं ते गळ्यातल्या पोतीत ओवायला म्हणून कडेला भोक पाडायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडलं. अंगठा फिरवला की तो खड्डा अजून लागतो.

हिला ते नाणं घेऊन लिस्बनच्या नदीपर्यंत जायचं आहे. टाकायचं नाही, पाण्याला लावून परत आणायचं. ती म्हणते, आजीला आईच्या बाराव्याला जाता आलं नाही, तो निर्णय ज्या गावात बसून झाला ते गाव एकदा बघायचंय. नाकेबंदी आपल्या सरकारनं केली होती, असं मी म्हणालो. तर म्हणाली, ‘त्यांनी वेळेवर सोडलं असतं तर नाकेबंदी कशाला करावी लागली असती?’ यावर माझ्याकडं उत्तर नाही, तिचं बरोबरच आहे.

नदीवरची जागा मी शोधून ठेवली आहे. प्रासा दो कोमेर्सियो नावाचा मोठा चौक आहे, त्याची एक बाजू सरळ तेजो नदीवर उघडते, आणि तिथं दोन खांबांच्या मधून पायऱ्या पाण्यात उतरतात. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाआधी राजवाडा इथंच होता आणि हिंदुस्थानच्या व्यापाराचा सगळा कारभार बघणारी ‘काझा दा इंडिया’ ही कचेरीही इथंच. भूकंप, मागोमाग समुद्राची लाट आणि मग काही दिवस चाललेली आग, यांत ते सगळं गेलं. राजवाडा पुन्हा उभारला नाही, नव्या चौकाभोवती सरकारी खाती आली. हिला जे बघायचंय ते मठात नाही, या चौकात आहे, असं माझं मत झालंय.

आता प्रश्न.

पायऱ्यांबद्दल आधी विचारतो. नदीला तिथं भरती-ओहोटी आहे असं वाचलं. पायऱ्यांवर शेवाळ असतं का? हिचे दोन्ही गुडघे दुखतात, धरायला काही नसेल तर मी तिला खाली उतरू देणार नाही. ओहोटीला जावं म्हणजे जास्त पायऱ्या मोकळ्या मिळतील, असा माझा हिशेब आहे. बरोबर आहे का?

अल्फामाच्या गल्ल्या आणि साओ जॉर्जचा किल्ला बघायची दोघांचीही इच्छा आहे. भूकंपातूनही ती जुनी वस्ती बरीचशी टिकली, म्हणजे १७५५ च्या आधीचं गाव कसं होतं ते तिथंच कळणार. पण सगळा चढ, आणि पायाखाली गुळगुळीत चुनखडीचे चौकोनी दगड. नोव्हेंबरात पाऊस असतो. २८ नंबरच्या ट्रामनं वर जाता येतं असं सगळे लिहितात. साठीच्या माणसांना तिच्यात बसायला जागा मिळते का?

मठ आणि बुरूज ज्या भागात आहेत त्या बेलेंला जावं की सोडून द्यावं? मठ बंद म्हणजे वास्को द गामाची कबर दिसणार नाही. बुरुजाच्या एका चौकीखाली मात्र दगडात कोरलेलं गेंड्याचं डोकं आहे, झिजलेलं. गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगीजांचा गव्हर्नर अल्बुकर्क याला दिलेला गेंडा १५१५ मध्ये गोव्याहून जहाजानं लिस्बनला गेला. जर्मन चित्रकार ड्यूररनं तो डोळ्यांनी न बघता, नुसत्या वर्णनावरून आणि कच्च्या रेखाटनावरून त्याचं चित्र काढलं. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढं सरकायची. ते डोकं बाहेरून दिसत असेल तर मला जायचं आहे.

चौथा प्रश्न खाण्याचा. सोमवार म्हणजे हिचा उपवास, कपिलेश्वराचा, लग्नाआधीपासूनचा. प्रवासातही मोडत नाही. मी तिला सांगितलं की तुझ्या उपवासाच्या ताटातलं बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची, साबुदाणा ज्याचा होतो तो कंद, हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं, आणि आपल्या किनाऱ्याला बरंचसं पोर्तुगीजांच्याच जहाजांतून आलं. बटाटा हा शब्दच त्यांचा. ती म्हणाली, ‘मग तिथं मी उपाशी कशी राहीन?’ तरी विचारतो, दुपारी काय मिळेल? अंडं चालत नाही. आणि रस्त्यावर चेस्टनट भाजून देतात म्हणे, तो शिंगाड्यासारखा उपवासाला धरावा का?

शेवटचं, ते नाणं विमानतळावर कुणी अडवेल का?

प्रतिसाद

सर, नमस्कार. मी निपाणीची, नवऱ्याच्या नोकरीमुळं लिस्बनला चार वर्षं काढली. तुमचा धागा वाचून गप्प बसवेना.

पायऱ्यांचा हिशेब उलटा करा. ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात त्या हिरव्या आणि निसरड्या असतात, तिथं धडधाकट माणसंही घसरतात. भरतीला पाणीच वर येतं, काकूंना फारसं उतरावं लागणार नाही. त्या दिवशीची भरतीची वेळ नेटवर ‘लिस्बन भरती’ शोधलं की मिळते, ती आधी बघा आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती लावा. शेजारीच फेरीबोटींचा धक्का आहे, बोट गेली की लाट येते, तेवढी जाऊ द्या. काकांनी एक पायरी खाली उभं राहून हात धरायचा.

२८ ची ट्राम सोडा. लहानशी गाडी, लोक उभे, आणि खिसेकापू तिच्यातच. प्रासा दा फिगेइरावरून ७३७ नंबरची छोटी बस थेट किल्ल्याशी जाते. किल्ला सोमवारी उघडा असतो. चालायचंच असेल तर रुआ दोस फान्केइरोसमध्ये एका इमारतीतून फुकटची लिफ्ट वर जाते, पुढं बाजाराच्या इमारतीत दुसरी लिफ्ट आहे, अर्धा चढ वाचतो. अल्फामा वरून खाली उतरत बघा, पण पाऊस असेल तर नको. उतारावर ते दगड चढापेक्षा वाईट. भूकंप बघायचा असेल तर कार्मोचा मठ आहे. छप्पर पडलेलं तसंच ठेवलंय, नुसत्या कमानी आणि वर आभाळ. तोही सोमवारी उघडा असतो.

बेलेंला १५ नंबरची ट्राम जाते, सगळा रस्ता नदीकाठानं सपाट. गेंडा बाहेरून दिसतो, पण कुठं बघायचं ते माहीत हवं, नाहीतर नुसता दगड वाटतो. फोटो बरोबर ठेवा. गामाच्या कबरीचं वाईट वाटून घेऊ नका. तो १५२४ मध्ये कोचीला वारला, पहिल्यांदा पुरला तो तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये. ती जागा आपल्याला कधीही बघता येते.

खाण्याचं म्हणाल तर दुकानात रताळी, केळी, शेंगदाणे सहज मिळतात. हॉटेलातले तळलेले बटाटे नकोत, त्याच तेलात मासे तळलेले असतात. अंड्याच्या पिवळ्या बलकाचे ते प्रसिद्ध टार्टही नकोत. मुलीकडून दाण्याचे लाडू करून न्या. मंगळवारची पहाट गाठायची असेल तर तेच कामी येतील.

नाणं १९५९ चं आहे. पुरातन वस्तूंचा आपला कायदा शंभर वर्षांपुढच्या वस्तूंना लागतो. हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका.

धागाकर्ता

ताई, फार मोलाचं सांगितलंत. हिला सगळं वाचून दाखवलं. भरतीच्या वेळेवर दिवस लावायचा, हे तिला लगेच पटलं. तीर्थाला गेल्यावर आपण मुहूर्त बघतोच की, म्हणाली.

आता असं ठरवलंय. त्या सोमवारची भरतीची वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवतो. ती दुपारी आली तर सकाळी बसनं किल्ला आणि दुपारी चौक, सकाळीच आली तर उलट. साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, म्हणून बेलें वेळ उरला तरच. गेंडा राहिला तर राहू दे, मी मुलांना तो न बघताच तीस वर्षं शिकवलाय. कार्मोच्या कमानी मात्र सोडणार नाही.

चेस्टनटचं हिनं शेजारच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, झाडाला लागतो ना, मग ते फळच, खुशाल खा. ही मात्र म्हणते, तिथं हातात घेऊन बघीन आणि मग ठरवीन.

मुलीला आज रात्री फोनवर सोमवारचं सांगतो. दाण्याच्या लाडवांचंही तेव्हाच सांगतो.