लिंडन जॉन्सन : ८७ मतांची चोरी माफ करायची का?

बोरीबंदर
गेले दोन महिने लिंडन जॉन्सनच्या चरित्राचे खंड वाचतोय, एकेक इतका जाड की बायको म्हणते संपला की उशीला घे. केनेडीला गोळ्या घातल्यावर अध्यक्ष झाला तो, आणि व्हिएतनाम युद्ध त्याच्याच गळ्यात, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण मी अडकलोय १९४८ वर.

थोडक्यात सांगतो. टेक्सासातून सिनेटची जागा, समोर माजी गव्हर्नर कोक स्टीव्हन्सन. तेव्हा तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचं तिकीट मिळालं की निवडून आलाच, त्यामुळे खरी लढत तिकिटाचीच, पण त्यासाठीही रीतसर मतदान व्हायचं. २८ ऑगस्टला पहिल्या दोघांमध्ये दुसऱ्या फेरीचं मतदान झालं, जवळपास दहा लाख मतं, आणि जॉन्सन थोडक्यात मागे. मग सहा दिवसांनी अ‍ॅलिस नावाच्या गावातून निरोप आला की १३ नंबरच्या पेटीत आकडा चुकलाय, जॉन्सनची ७६५ नाही ९६५ आहेत. ७ चा ९ केला राव, एवढंच. शेवटी जिंकला तो ८७ मतांनी.

तर प्रश्न असा की याच माणसाने पुढे १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा केला, म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणलं. ही चोरी नसती तर बहुतेक तो त्या खुर्चीपर्यंत पोचलाच नसता. मग चोरी माफ? माझं मत सध्या "हो, नाइलाजाने" असं आहे. बोला.

माणदेशी
अजिबात माफ नाही. वाढलेली २०० का २०२ नावं यादीत शेवटी, एकाच शाईत, एकाच हातची, आणि वर्णक्रमाने! म्हणजे लोक ABCD च्या ओळीत उभे राहून मत द्यायला आले म्हणायचं. आमच्याकडे रोजगार हमीच्या मस्टरवर अशी नावं भरलेली बघितलीयत, आणि कारखान्याच्या इलेक्शनला मयत सभासद कसे येतात तेही बघितलंय, त्यामुळे मला हे चरित्र वाचायला दोन महिने लागले नसते 😀 तिथला निवडणूक अधिकारी लुईस सालस याने १९७७ ला स्वतःच कबूल केलं की ती मतं खोटी होती. तोवर जॉन्सन जाऊन चार वर्षं झालेली, म्हणजे शिक्षा शून्य.

आणि पुढचं ऐका. पक्षाच्या समितीत हा निकाल मंजूर झाला २९ विरुद्ध २८ ने. कोर्टात प्रकरण अडकलं तेव्हा एब फोर्टस नावाच्या वकिलाने ते थेट सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅककडे नेऊन चौकशी थांबवली. १९६५ ला याच फोर्टसला जॉन्सनने सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती नेमलं. याला काय म्हणायचं?

एडिसनकर
माणदेशीसाहेब, फोर्टस सांगितलात तर १९६७ पण सांगा, थर्गुड मार्शलला, पहिल्या काळ्या न्यायमूर्तीला, सुप्रीम कोर्टात बसवणारा पण हाच.

माझं मत सरळ स्वार्थी आहे, आधीच सांगून टाकतो. ३ ऑक्टोबर १९६५ ला जॉन्सनने स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याखाली बसून इमिग्रेशन कायद्यावर सही केली. त्याआधी अख्ख्या भारताचा कोटा वर्षाला १०० माणसं. शंभर! आमच्या एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये आज त्याहून जास्त मराठी आहेत. त्या कायद्याने बाबा इंजिनियर म्हणून आले, मी इथे जन्मलो, गणपतीला ढोल वाजवतो. मी कुठल्या तोंडाने म्हणू की तो माणूस सिनेटमध्ये जायलाच नको होता?

तिखटमीठ
@एडिसनकर, दादा, ढोल वाजवा पण श्रेय जरा जपून वाटा. त्या सहीच्या भाषणात जॉन्सन स्वतःच म्हणाला होता की हा काही क्रांतिकारक कायदा नाही, लोकांच्या रोजच्या जगण्यात यामुळे फरक पडणार नाही. म्हणजे तुमचे बाबा त्याच्या हिशोबातच नव्हते, तुम्ही आलात ते अपघाताने 😛

आणि मला या सगळ्या चर्चेतच एक गोष्ट खटकते, की कायदे "जॉन्सनने केले". ७ मार्च १९६५ ला अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर काळ्यांच्या मतदान हक्कासाठी मोर्चा काढणाऱ्या लोकांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, ते टीव्हीवर दिसलं, त्यानंतर आठ दिवसांनी साहेब संसदेत बोलायला उभे राहिले. १९३७ ते १९५६ या काळात नागरी हक्काचं जे जे बिल आलं त्याच्या विरोधात यांचं मत आहे. वीस वर्षं! मग एकदम साक्षात्कार झाला? मतं कुठे आहेत ते बघून टोपी फिरवणारा माणूस होता तो, आणि फिरवायला लावली ती रस्त्यावरच्या लोकांनी.

निळू
टोपी फिरवली हे मान्य, पण मग कोटुलाचं काय करायचं? कॉलेज मधेच सोडून वर्षभर टेक्सासातल्या कोटुला नावाच्या गावात मास्तरकी केली त्याने, १९२८-२९, मेक्सिकन मजुरांच्या पोरांची शाळा, पोरं उपाशीपोटी यायची. वय वीस, तेव्हा कुठली मतं होती? आणि १५ मार्च ६५ च्या त्याच भाषणात, म्हणजे तुम्ही म्हणताय त्याच, त्याने ही पोरं काढली. म्हणाला की तेव्हा स्वप्नातही वाटलं नव्हतं की त्यांच्या मुलाबाळांना मदत करायची संधी मिळेल, आता मिळालीय आणि ती मी वापरणार. मला वाटतं ते आत होतंच, फक्त वीस वर्षं दाबून ठेवलं, कारण टेक्सासात ते बोलला असता तर घरी बसला असता.

तिखटमीठ
वीस वर्षं दाबून ठेवलेली कळकळ ज्यांच्यासाठी होती त्यांना काय उपयोगाची निळू?

बोरीबंदर
तिखटमीठ, हे लागलं. पण रस्त्यावरच्या लोकांनी दार ढकललं तरी आतून कडी काढणारा लागतो ना कोणीतरी. ६४ चं बिल सिनेटमध्ये दक्षिणेच्या लोकांनी नुसती भाषणं करकरून दोन महिन्यांच्या वर अडवलं होतं, चर्चा थांबवायलाच दोन तृतीयांश मतं लागायची, ती १० जूनला ७१ विरुद्ध २९ अशी मिळाली. यात अडवणाऱ्यांचा म्होरक्या रिचर्ड रसेल, म्हणजे जॉन्सनचा सिनेटमधला गुरू. कोणाला धरण हवंय, कोणाच्या पोराला नोकरी, कोण कशाला घाबरतो, सगळं जॉन्सनला पाठ, आणि सव्वासहा फूट उंच माणूस अंगावर ओणवा होऊन नाकाला नाक लावून बोलायचा, समोरचा कंबरेत मागे वाकलेला असे फोटोच आहेत. केनेडीला हे जमलं नव्हतं. आणि परिणाम बघा, मिसिसिपीत मतदार म्हणून नोंद असलेले काळे लोक ७ टक्क्यांच्याही खाली होते, ते १९६७ पर्यंत ६० च्या आसपास गेले. २०० खोटी मतं एका पारड्यात आणि ही लाखो खरी मतं दुसऱ्यात.

माणदेशी
तराजू काढलाच आहे तर तिसरं पारडं पण लावा बोरीबंदर. १९६४ च्या प्रचारात हा सांगत फिरला की अमेरिकन पोरांना दहा हजार मैलांवर लढायला पाठवणार नाही, ६१ टक्के मतं घेतली, समोरच्या गोल्डवॉटरला झोपवलं (राज्यवार मोजणीत ४८६ विरुद्ध ५२), आणि मार्च ६५ ला व्हिएतनाममध्ये दा नांगला मरीन सैनिक उतरवले पण. १९६८ पर्यंत पाच लाखांवर सैन्य. त्या युद्धात एकूण ५८ हजार अमेरिकन गेले, व्हिएतनामी तर दहा-वीस लाखांच्या गोष्टी. एकदा २०० मतं ढापून पचली की माणसाला वाटायला लागतं काहीही पचतं.

आणि आपला गहू विसरलात? ६५-६६ ला पाऊस नाही, इकडे देश पीएल-४८० च्या, म्हणजे अमेरिकेच्या अन्नमदतीच्या, गव्हावर, आणि हा गडी महिन्या-महिन्याचा गहू सोडतोय, कारण भारत व्हिएतनामच्या बॉम्बहल्ल्यांवर बोलतो म्हणून. आमची आजी अमेरिकेच्या लाल मिलोच्या (तिकडच्या ज्वारीच्या) भाकरीला अजून शिव्या देते.

अर्धवट
आजीला नमस्कार, पण आमच्याकडे मिलो म्हटलं की ७२ चा दुष्काळ, आणि तेव्हा जॉन्सन केस वाढवून टेक्सासात गुरं बघत होता. आजीच्या शिव्या निक्सनच्या पत्त्यावर पाठवा.

माणदेशी
आजीला विचारून सांगतो 😀 गव्हाचं मात्र खरंय.

एडिसनकर
गव्हाचं खरंय पण अर्धंच. त्याचं म्हणणं होतं की आयात गव्हावर जगू नका, शेतीत पैसे घाला. सी. सुब्रमण्यम तेव्हा कृषिमंत्री, त्यांनाही तेच हवं होतं, ६५ च्या शेवटी रोममध्ये अमेरिकेच्या शेतीमंत्र्याशी त्यांनी तसा करार केला, बियाणं, खत वगैरे. हरितक्रांतीच्या मागे तो अपमान पण आहे थोडा. (अपमान होताच, नाही म्हणत नाही.)

तिखटमीठ
उपाशी माणसाचा हात पिरगळून त्याला स्वयंपाक शिकवला म्हणून आभार मानायचे की काय!

निळू
एक विचारू का, स्टीव्हन्सनबद्दल कोणीच बोलत नाहीये. चोरी झाली ती ज्याच्याकडून, तो उघड वंशभेदवादी होता. तो गेला असता सिनेटमध्ये तर ६४ ला त्या अडवणाऱ्यांच्या रांगेत बसून भाषणं ठोकत असता.

माणदेशी
म्हणून त्याची मतं चोरायची? मग उद्या प्रत्येकजण ठरवणार समोरचा वाईट आहे, चला पेटी फोडू.

बोरीबंदर
यावर माझ्याकडे उत्तर नाहीये खरं सांगायचं तर. एकच गोष्ट सांगतो, समर्थन म्हणून नाही. १९४१ ला जॉन्सन हीच सिनेटची निवडणूक १३११ मतांनी हरला होता. मतदानानंतर पहिल्या दिवशी पुढे होता, पेपरांनी जिंकला म्हणून छापत आणलेलं. पण त्याच्या माणसांनी आपल्या हक्काच्या भागातले आकडे आधीच जाहीर करून टाकले, मग समोरच्यांना कळलं किती कमी पडतायत, आणि तेवढी हळूहळू कुठून कुठून येत राहिली. ४८ ला त्याने शेवटचा आकडा आपल्याकडे ठेवला.

माणदेशी
म्हणजे चोराच्या घरी चोरी झाली होती आधी. हे माहीत नव्हतं. तो पहिला खंड पाठवा इकडे, उशीला घेऊ नका.