पाणी भरायला ही विमानं थांबत का नाहीत?

काल तळ्याच्या काठावरून वणवा विझवणारी पिवळी विमानं बघितली, पोट पाण्याला घासत जातात, मागे पांढरा फवारा उडतो आणि लगेच वर, थांबतच नाहीत! मग टाकी भरते कधी?

— अहो त्या घासण्यातच भरते. पोटाखाली छोटे स्कूप असतात, ते खाली सोडले की वेगामुळेच पाणी आत घुसतं, पंपबिंप काही नाही. सीएल-४१५ या विमानात साधारण १२ सेकंदात ६००० लिटर.

— बारा सेकंद?? तेवढ्यात आमची बादली नाही भरत 😄

— आणि तेवढ्यात सहा टन वजन वाढतं, पाणी मागे ओढतं ते वेगळंच, म्हणून पायलट थ्रॉटल वाढवत राहतो. बाकी बघायला बोट घेऊन मध्ये जाऊ नका प्लीज, त्यांची अख्खी फेरी फुकट जाते.